नवा मॉनिटर घेण्यापूर्वी संगणकाची ताकद मोजा

कोपरखैरण्यात राहणारा माझा भाचा लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवून देण्याचे काम करतो. दिवसा ज्या संगणकावर तो कमाई करतो, त्याच संगणकावर रात्री तासभर खेळतो. लग्नसराई संपली, हातात थोडे पैसे आले आणि त्याच्या मनात नवा मॉनिटर भरला. घरी आला आणि मोबाईलवर एक जाहिरात पुढे धरून म्हणाला, "मामू, हा २७ इंची फोर-के घेतो. चित्र एकदम बदलून जाईल."

मी म्हटले, "चित्र बदलेल हे खरे. पण ते चित्र काढणार कोण? मॉनिटर तर नुसता दाखवतो."

तो गप्प झाला. कारण त्याच्याच एका मित्राने तीन महिन्यांपूर्वी असा मॉनिटर आणला होता आणि आता तो त्यावर रेझोल्यूशन कमी करूनच खेळत होता. दुकानदार माल परत घ्यायला तयार नव्हता, आणि त्यात त्याचे काही चुकले असेही म्हणता येत नाही, कारण मॉनिटर उत्तम चालत होता. चूक हिशेबाची होती. हा हिशेब अवघड नाही. नवी मुंबईत घरोघरी असे मध्यम किमतीचे संगणक झाले आहेत आणि त्यावर कामही होते, खेळही होतो. म्हणून भाच्याबरोबर कागदावर मांडलेला हिशेब येथे देत आहे.

पडद्यावरचे ठिपके

मॉनिटरवरचे चित्र बारीक ठिपक्यांनी बनते. त्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती, यावरून रेझोल्यूशन ठरते. आज बहुतेक घरांत जो मॉनिटर आहे, त्याला फुल एचडी म्हणतात. त्यात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. त्याच्या वरची पायरी २५६० गुणिले १४४०. दुकानात तिला क्यूएचडी किंवा टू-के असे म्हणतात. यात ३६ लाख ८६ हजार ४०० ठिपके. त्यावरची पायरी फोर-के, म्हणजे ३८४० गुणिले २१६०. येथे आकडा ८२ लाख ९४ हजार ४०० वर जातो.

आता भागाकार करा. क्यूएचडीचे ठिपके फुल एचडीच्या १.७८ पट आहेत, तर फोर-केचे बरोबर चौपट. जाहिरातीत या दोन्ही पायऱ्या शेजारी शेजारी दिसतात, पण एक पावणेदोन पटीची आहे आणि दुसरी चार पटीची. येथेच बहुतेकांची फसगत होते. (आमच्या पिढीने डीटीपीचे काम १४ इंची काचेच्या मॉनिटरवर ६४० गुणिले ४८० मध्ये केले आहे. तेथे सगळे मिळून ३ लाख ७ हजार २०० ठिपके होते आणि आम्हाला ते पुष्कळ वाटत!)

चित्रफीत पाहताना किंवा पत्र लिहिताना हा भार संगणकाला फारसा जाणवत नाही. खेळाचे तसे नाही. खेळात प्रत्येक क्षणाचे चित्र नव्याने रंगवावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १४४ चित्रे हवी असतील, तर जेमतेम ७. एवढ्या वेळात ३६ लाख ठिपके रंगवायचे की ८३ लाख, हा प्रश्न ग्राफिक्स कार्डाचा आहे.

प्रोसेसर आणि कार्ड यांची वाटणी

भाच्याच्या संगणकात रायझन ५ ५६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स ३०६० हे १२ जीबी स्मृतीचे कार्ड आहे. हे कार्ड २०२१ साली बाजारात आले. आज याला मध्यम दर्जाचा संगणक म्हणता येईल. आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० किंवा २०२३ चे आरटीएक्स ४०६० असणाऱ्यांचीही स्थिती साधारण अशीच समजावी. फरक एवढाच की या तिन्ही कार्डांत स्मृती ८ जीबी आहे.

खेळात प्रोसेसर हा मुकादम आहे. कोण कोठे धावतो आहे, गोळी कोणाला लागली, भिंत कधी पडली, हे तो ठरवतो. मॉनिटर मोठा झाला म्हणून त्याचे काम फारसे वाढत नाही. कार्ड हा रंगारी आहे. भिंत पावणेदोन पट झाली की रंग त्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे रेझोल्यूशन वाढवायचे असेल तर पहिली चौकशी कार्डाची करावी. "प्रोसेसर नवा आहे, मग चालेल" असे दुकानात सांगितले जाते, ते अर्धेच खरे असते.

याची दुसरी बाजूही आहे. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ फुल एचडीमध्ये कार्डाला पुरते कामालाच लावत नाहीत. तेथे गती प्रोसेसरवर अडलेली असते. अशा वेळी कार्डाची शिल्लक ताकद क्यूएचडीला वापरता येते आणि गती फारशी घटत नाही. म्हणजे आपण कोणते खेळ खेळतो, यावरही उत्तर अवलंबून आहे.

विकत घेण्यापूर्वीची चाचणी

ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नवा मॉनिटर घरात न आणताही त्याचा भार कार्डावर टाकून पाहता येतो.

एनव्हिडियाच्या कार्डांत २०१४ पासून डीएसआर नावाची सोय आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडून 'मॅनेज थ्री-डी सेटिंग्ज'मध्ये जावे. तेथे 'डीएसआर फॅक्टर्स' या ओळीत काही गुणक दिसतात. त्यात १.७८ आणि ४.०० हे दोन आकडे सापडतील. वर केलेला भागाकार आठवा. १.७८ निवडल्यास फुल एचडी मॉनिटरवर क्यूएचडीचा भार पडतो, ४.०० निवडल्यास फोर-केचा. एएमडीच्या कार्डांत हीच सोय 'व्हर्च्युअल सुपर रेझोल्यूशन' या नावाने आहे. ती एएमडीच्या सॉफ्टवेअरमधील डिस्प्लेच्या भागात चालू करावी. त्यानंतर खेळाच्या सेटिंगमध्ये २५६० गुणिले १४४० हा पर्याय आपोआप दिसू लागतो.

आता आपला नेहमीचा, त्यातल्या त्यात जड खेळ चालू करावा. व्ही-सिंक बंद ठेवावे, नाहीतर आकडा जुन्या मॉनिटरच्या मर्यादेवर अडून राहील. एकाच जागी, एकाच प्रसंगात, आधी फुल एचडी, मग क्यूएचडी, मग फोर-के असे पाच-पाच मिनिटे खेळून सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते लिहून घ्यावे. कार्डाची किती स्मृती भरली तेही पाहावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ते दिसते.

भाच्याने ही चाचणी आपल्या सर्वांत जड खेळावर केली. फुल एचडीला ८५ च्या आसपास फ्रेम मिळत होत्या. क्यूएचडीला त्या ५५ वर आल्या. फोर-केला ३० च्याही खाली गेल्या आणि खेळ अडखळू लागला. पाहा, ठिपके पावणेदोन पट झाले तरी गती तेवढ्या पटीने खाली आली नाही. कारण काही काम ठिपक्यांवर अवलंबून नसते. पण घट मोठी आहे, आणि ती पैसे देण्यापूर्वी कळली. त्याच्या मित्राने हीच पंधरा मिनिटे खर्च केली असती तर!

या चाचणीत एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे चित्राची स्पष्टता. जुन्या मॉनिटरवर ठिपके जेवढे आहेत तेवढेच दिसणार. तेव्हा भार घरी मोजावा आणि स्पष्टता दुकानात डोळ्यांनी पाहावी.

खालच्या रेझोल्यूशनवर चालवू, हा गैरसमज

"जड खेळ असेल तेव्हा रेझोल्यूशन उतरवू" असे पुष्कळजण म्हणतात. जुन्या काचेच्या मॉनिटरवर हे खपून जात असे. आजच्या एलसीडीवर ठिपके कायमचे ठरलेले असतात. क्यूएचडी मॉनिटरवर फुल एचडीचे चित्र दिले की एका ठिपक्याला एक पूर्णांक एक तृतीयांश ठिपक्यांची जागा भरावी लागते. ती नीट भरता येत नाही आणि अक्षरे पुसट दिसतात. जुन्या मॉनिटरपेक्षाही चित्र वाईट वाटते.

याला चांगला मार्ग म्हणजे खेळातच असलेली अपस्केलिंगची सोय. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांसाठी डीएलएसएस आणि २०२१ पासून एएमडीची एफएसआर. हिच्या आधीच्या आवृत्त्या दुसऱ्या कंपनीच्या कार्डांवरही चालतात. क्यूएचडीवर 'क्वालिटी' हा पर्याय ठेवला, तर कार्ड आतून साधारण १७०७ गुणिले ९६० एवढेच चित्र रंगवते आणि बाकीचे भरून काढते. हिशेब केला तर हे १६ लाख ४० हजारांच्या आत-बाहेरचे ठिपके झाले, म्हणजे फुल एचडीपेक्षाही कमी. भरून काढण्याला थोडा वेळ जातो, शिवाय सगळ्याच खेळांत ही सोय नसते. तरी मध्यम संगणकाला क्यूएचडी परवडते ते बऱ्याच अंशी यामुळेच. भाच्याच्या त्या ५५ फ्रेम ही सोय चालू केल्यावर ७५ च्या वर गेल्या.

८ जीबीचे कार्ड असणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. क्यूएचडीवर 'टेक्श्चर' सर्वोच्च ठेवू नये, एक पायरी खाली ठेवावे. स्मृती भरून वाहू लागली की फ्रेमचा आकडा चांगला दिसतो, पण मध्येच झटके बसतात.

आकार आणि टेबल

२४ इंची फुल एचडीवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके येतात. तोच फुल एचडी २७ इंचात घेतला तर ते ८२ वर उतरतात, म्हणजे पैसे देऊन चित्र भरड करून घेतले. २७ इंचात क्यूएचडी घेतल्यास १०९ ठिपके मिळतात आणि अक्षरे टोकदार दिसतात. ३२ इंची क्यूएचडीला पुन्हा ९२. तेथे मोठेपणा मिळतो, बारकावा वाढत नाही. २७ इंची फोर-केला १६३ मिळतात, ते फार सुरेख असतात. पण विंडोजमधली अक्षरे इतकी बारीक होतात की ती बहुधा दीडपट मोठी करूनच वाचावी लागतात.

२७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. आपल्याकडे सिडकोच्या घरात खोलीच्या कोपऱ्यात अडीच फुटी टेबल असते. त्यावर मॉनिटर बसेल, पण डोळ्यांपासून हातभर अंतर राहते का ते आधी फूटपट्टीने पाहावे. भाच्याला टेबल भिंतीपासून पुढे ओढावे लागले आणि त्याबद्दल माझ्या बहिणीची नाराजी अजून गेलेली नाही.

हर्ट्झ, सिंक आणि केबल

मॉनिटर एका सेकंदात किती वेळा चित्र बदलू शकतो, तो आकडा हर्ट्झमध्ये दिलेला असतो. मध्यम संगणकाला १४४ ते १६५ पुष्कळ झाले. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही, कारण जड खेळांत आपले कार्ड तेथवर पोहोचतच नाही. 'अडॅप्टिव्ह सिंक' मात्र असलेच पाहिजे. कार्डाची गती ५५ ते ८० अशी खालीवर होत असते. या सोयीमुळे मॉनिटर तिच्याबरोबर आपला वेग बदलतो आणि चित्र फाटत नाही. एनव्हिडियानेही जानेवारी २०१९ पासून साध्या अडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरना पाठिंबा दिला आहे. त्यामुळे खास महागडा मॉनिटर घेण्याचे कारण उरले नाही.

केबलचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पैसे येथेही वाया जातात. क्यूएचडीला १४४ हर्ट्झवर सेकंदाला ५३ कोटींहून अधिक ठिपके पाठवावे लागतात. एचडीएमआय १.४ ला हे झेपत नाही. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्ले पोर्ट लागते. मी तर डिस्प्ले पोर्टचाच आग्रह धरीन. तसेच पावसाळ्यात वीज जाते म्हणून पुष्कळांकडे ६०० व्हीएचा यूपीएस असतो. तो साधारण ३६० वॉटच पेलतो. आरटीएक्स ३०६० ची ठरलेली मर्यादा १७० वॉट आहे. क्यूएचडीवर ते सतत भरात चालते. त्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, पंखे आणि मॉनिटर धरले की आकडा ३०० च्या आसपास जातो. त्याच यूपीएसवर स्पीकर आणि राउटर लावले असतील तर ते काढून घ्यावेत.

खरेदी, पावती आणि हप्ते

नवी मुंबईकराला दोन बाजार आहेत. वाशीतील दुकाने आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लॅमिंग्टन रोडला भाव करता येतो, निवडही मोठी असते. पण कोपरखैरण्याहून ग्रँट रोडला जायचे तर गाडी निदान दोनदा बदलावी लागते, आणि २७ इंची खोके घेऊन संध्याकाळच्या गर्दीत परत यायचे! टॅक्सी केली तर भावात मिळालेली सूट संपते. हजार-पाचशेचाच फरक असेल तर जवळचे दुकान बरे. पुढे बिघाड झाला तर तोंड ओळखीचे असते.

दुकानातच मॉनिटर जोडून घ्यावा. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा आणि निळा पडदा करून एखादा ठिपका मेलेला किंवा सतत पेटलेला आहे का ते पाहावे. किती मेलेल्या ठिपक्यांवर माल बदलून मिळतो, याचा प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे. तो आधी विचारावा. मागच्या बाजूला भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्यावा.

मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी आहे. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर तो १ जानेवारी २०१९ पासून १८ झाला. त्याहून मोठ्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के होता, तो आता सर्वांना सारखाच आहे. समजा मॉनिटरची मूळ किंमत १८,००० रुपये आहे. त्यावर ३,२४० रुपये कर धरून २१,२४० द्यावे लागतील. ज्याची धंद्याची जीएसटी नोंदणी आहे, त्याला आपल्या क्रमांकाची पावती घेतल्यास हा कर वजावटीत मिळतो, पण तेवढाच, जेवढा वापर धंद्यासाठी आहे. रात्रीच्या खेळाचा हिस्सा त्यात धरता येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ही वजावट मुळीच नाही. भाच्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या बरीच आत आहे. त्यामुळे ते ३,२४० त्याच्या खिशातूनच जाणार होते.

"बिनव्याजी हप्ते" या पाटीबद्दलही बोलले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते असे स्पष्ट म्हटले आणि व्याज शुल्काच्या नावाखाली लपवले जाते, याकडे बोट दाखवले. त्यानंतर पाटीचे नाव बदलले. आज होते ते असे की व्याजाएवढी सूट किमतीत दाखवली जाते आणि बँक आपले व्याज घेतेच. त्यावर प्रक्रिया शुल्क आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती जाते. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे, त्याने ही पाटी पाहून निश्चिंत होऊ नये. पूर्ण कागद वाचावा. मॉनिटर ही काही अडलेली गरज नाही. भाच्याने गल्लीतल्या भिशीत आपला नंबर येईपर्यंत दोन महिने थांबणे पसंत केले. त्या दोन महिन्यांत त्याचा भावही थोडा उतरला, हा निव्वळ योगायोग.

जुन्याचे काय?

जुना मॉनिटर चालू असेल तर विकू नये असे माझे मत आहे. विकून फार येत नाही. तो शेजारी लावला तर जुळणीच्या कामात एकीकडे चित्र आणि दुसरीकडे तुकड्यांची पट्टी ठेवता येते. लग्नाच्या कामात यामुळे वेळ खरोखर वाचतो. अगदी बिघडलाच असेल तर भंगारवाल्याला देण्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावा. त्यासाठीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

शेवटी भाच्याने २७ इंची क्यूएचडी, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. फोर-केचा विचार पुढचे कार्ड येईपर्यंत बाजूला ठेवला. ज्याच्याकडे याहून जुने, ४ किंवा ६ जीबीचे कार्ड आहे, त्याने आहे तो फुल एचडीच ठेवावा आणि पैसे कार्डासाठी जमवावेत, असे मी म्हणेन.

आठवड्याने त्याचा फोन आला. "मामू, अक्षरे छान दिसतात, पण हालचाल पहिल्यासारखीच वाटते." मी घरी जाऊन पाहिले. विंडोजच्या 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये ६० हर्ट्झ हाच आकडा होता, आणि मागे लावलेली होती जुन्या मॉनिटरची एचडीएमआय केबल. नवी डिस्प्ले पोर्टची केबल खोक्यातच थर्माकोलखाली पडलेली सापडली.